बारा फुटांची पाटी: दोन बोर्डवाल्यांच्या कामाचा अनुभव

मुलुंड पूर्वेला माझे चष्म्यांचे छोटे दुकान आहे. दर्शनी रुंदी बारा फूट, वर चार मजल्यांची निवासी इमारत, समोर साधारण साठ फुटांचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे तशीच दुसरी इमारत. या दुकानावर अवघ्या दीड वर्षाच्या अंतराने दोनदा पाटी चढली. पहिली २०२३च्या गुढीपाडव्याला आणि दुसरी २०२४च्या दसऱ्याला. दोन्ही पाट्या निरनिराळ्या बोर्डवाल्यांनी केल्या आणि दोन्ही कामांचे पैसे मी पूर्ण दिले. दुसऱ्या पाटीने आता एक अख्खा पावसाळा काढला आहे. या धंद्यातील माणूस कसा निवडावा, असे दुकानदार मैत्रिणी वारंवार विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. पहिल्याबद्दल तक्रार असल्यामुळे त्याचे नाव देणार नाही. दुसऱ्याने स्वतःच नाव लिहू नका म्हणून सांगितले, कारण त्याच्या हाताखाली दोनच माणसे आहेत आणि आहे तेच काम त्याला वेळेवर उरकत नाही.

पहिला बोर्डवाला बोलण्यात चतुर होता. दुकानात आला, मोबाइलवर शंभरएक फोटो दाखवले आणि वीस मिनिटांत भाव सांगून मोकळा झाला. दुकानाच्या माथ्यावर बारा बाय तीन फुटांचा बॅकलिट फ्लेक्सचा, म्हणजे आतल्या दिव्यांनी उजळणारा ग्लो साइन बोर्ड आणि शिवाय भिंतीला काटकोनात बाहेर येणारा, दोन्ही बाजूंनी दिसणारा तीन बाय तीन फुटांचा एक चौकोन, असे सगळे मिळून साडेएकोणीस हजार रुपये. त्या बाहेर आलेल्या चौकोनामुळे स्टेशनकडून येणाऱ्या माणसाला दुकान लांबून दिसेल, हा त्याचा मुद्दा मला पटला होता. परवानगीचे काय, असे मी विचारले तेव्हा त्याने हात झटकून सांगितले, “मॅडम, स्वतःच्या दुकानावर स्वतःचा बोर्ड लावायला कसली परवानगी? आणि लागलीच, तर आम्ही बघतो.”

हे उत्तर सपशेल खोटे नव्हते, आणि तेच त्यातले धोक्याचे होते. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ यातील कलम ३२८अ जाहिरातींविषयी आहे. ज्या जागेत जो व्यवसाय चालतो, त्याच व्यवसायाची पाटी त्याच जागेवर लावली असेल, तर त्या कलमात परवानगीतून सूट दिलेली आहे. मात्र ही सूट ज्या वाक्यात आहे त्याच वाक्यात तिची अटही आहे: पाटी प्रकाशित नसावी आणि ती आकाशचिन्ह नसावी. म्हणजे पत्र्यावर रंगवलेली साधी पाटी चालते, पण तिच्या आत दिवे घातले की परवाना लागतो. माझ्या बोर्डात दिवे होते, तेही भरपूर. त्या बोर्डवाल्याने वाक्याचा पहिला अर्धा भाग मला सांगितला आणि दुसरा खिशात ठेवला. पुढे ‘आम्ही बघतो’ याचा अर्थ ‘कोणी विचारले तर तेव्हा बघू’ असा निघाला.

‘आकाशचिन्ह’ हा शब्द मी तेव्हा प्रथमच नीट वाचला. इतका काव्यमय शब्द परवान्याच्या अर्जावर पाहून गंमत वाटली, पण त्याची व्याख्या अगदी व्यवहारी आहे. इमारतीच्या वर किंवा इमारतीवर खांब, चौकट अशा आधाराने उभे केलेले आणि रस्त्यावरच्या कोणत्याही ठिकाणाहून पाहिले असता ज्याचा काही भाग आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो, असे जाहिरातीचे कोणतेही चिन्ह म्हणजे आकाशचिन्ह. जाहिरातीसाठी सोडलेले फुगे आणि पॅराशूटही त्यात मोडतात. मागे भिंत नाही याचा अर्थ वाऱ्याला दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, आणि कोसळलेच तर ते खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर येणार आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या कायद्याची ही काळजी आजही जुनी झालेली नाही, हे पुढे मे महिन्यात कळले.

त्याआधी दोन लहान गोष्टी घडल्या. पाटी लागल्यानंतर आठवड्याभराने समोरच्या इमारतीतील पहिल्या मजल्यावरचे आजोबा चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला आले आणि जाता जाता म्हणाले, “डॉक्टरबाई, तुमचा दिवा रात्री झोपतो कधी?” त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात आहे, हे मला ठाऊक होते, कारण त्यांची तपासणी मीच केली होती. मोतीबिंदूच्या डोळ्यात शिरणारा प्रकाश भिंगातच विखुरतो. त्यामुळे निरोगी माणसाला नुसता झगझगीत वाटणारा दिवा अशा माणसाला समोरचे सगळे धुऊन टाकणारा वाटतो, आणि माझ्या बोर्डात तर निळसर पांढऱ्या रंगाच्या एलईडी पट्ट्या ठासून भरलेल्या होत्या. दिवसभर लोकांच्या डोळ्यांची काळजी घ्यायची आणि रात्री त्यांच्याच खिडकीत प्रखर दिवा सोडायचा, हा प्रकार मला लाजिरवाणा वाटला. मी टायमर बसवायला सांगितले. त्याचे वेगळे अठराशे रुपये मागितले गेले आणि तो तीन आठवड्यांत बिघडला.

दुसरी गोष्ट चिन्हाची. “मेडिकल लाइन आहे” म्हणून त्या माणसाने न विचारता पाटीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्यावर लाल क्रॉस छापला होता. ते रेडक्रॉसचे बोधचिन्ह आहे. जिनिव्हा करार अधिनियम, १९६० नुसार केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ते कोणालाही वापरता येत नाही. निम्म्या दवाखान्यांवर आणि औषधांच्या दुकानांवर तो सर्रास दिसतो, म्हणून आपल्याला काही वावगे वाटत नाही इतकेच. हे मला माहीत असायला हवे होते. पण जो माणूस वर्षाला शेकडो पाट्या छापतो, त्याला ते माहीत नसावे, हे मला जास्त खटकते.

भाषेची गोष्ट मात्र लहान नव्हती. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या माझ्यासारख्या दुकानांनाही मराठी नामफलकाची सक्ती लागू झाली. नाव देवनागरी लिपीत आणि सुरुवातीलाच हवे, आणि मराठी अक्षरे इतर कोणत्याही भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असे त्यात स्पष्ट आहे. (मद्याच्या दुकानाला महापुरुषांचे किंवा गडकिल्ल्यांचे नाव देता येणार नाही, हेही त्याच दुरुस्तीत आहे.) व्यापाऱ्यांची संघटना मराठी पाट्यांच्या सक्तीविरुद्ध आधीच न्यायालयात गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये याचिका फेटाळताना पंचवीस हजार रुपयांचा खर्चही लादला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. माझी पाटी त्या दुरुस्तीनंतर वर्षभराने झाली होती. तरीही तिच्यावर इंग्रजी नाव ठळक आणि मराठी नाव वरच्या कोपऱ्यात होते. विचारल्यावर उत्तर मिळाले की फॉन्टचा आकार दोन्हींना सारखाच दिला आहे, संगणकावर दाखवू का?

हे त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे होते आणि याच ठिकाणी माझ्या धंद्यातले ज्ञान कामी आले. इंग्रजी मोठी अक्षरे दिलेल्या उंचीचा बराच मोठा भाग व्यापतात. देवनागरीत मात्र शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, तर अक्षराच्या पायाशी उकार व ऋकार लटकतात. संगणकातला आकार या सगळ्यांना जागा ठेवून मोजला जातो, त्यामुळे अक्षराच्या मुख्य देहाला, म्हणजे शिरोरेषेपासून दंडाच्या टोकापर्यंतच्या भागाला, उरलेली जागा मिळते. दोन्ही लिपींना एकच आकडा दिला की रस्त्यावरून मराठी लहानच दिसते. माझ्या पाटीवर मी स्वतः शिडी लावून पट्टीने मोजले. इंग्रजी अक्षर नऊ इंच भरले आणि मराठी अक्षराचा देह सव्वापाच इंच. पाटीवर ‘दृष्टी’ हा शब्द होता. त्यात द खाली ऋकार, ष्टला उभी जोडणी आणि वर दीर्घ वेलांटी असा तिन्ही बाजूंनी भार आहे. फ्लेक्सवर छापलेल्या त्या जाड ठशात ष्टमधली पोकळी पूर्ण भरून गेली होती आणि लांबून तिथे नुसता एक काळा ठिपका दिसत होता. दृष्टी तपासणाऱ्या दुकानाच्या पाटीवर ‘दृष्टी’ हाच शब्द वाचता येत नव्हता.

नोव्हेंबरात मुदत संपण्यापूर्वी मी फ्लेक्स बदलून घेतला. त्याचे चार हजार. बाकी तसेच राहिले.

१३ मे २०२४ रोजी दुपारी चारनंतर धुळीचे वादळ आले. घाटकोपरच्या छेडानगर येथे पेट्रोल पंपावर एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचा जाहिरात फलक कोसळला आणि त्याखाली १७ माणसे मेली, सत्तरहून अधिक जखमी झाली. महापालिकेची कमाल मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची आहे. लांबी आणि रुंदी तिपटीने वाढली की क्षेत्रफळ नऊपट होते, हे शाळेतले गणित, आणि वारा क्षेत्रफळावर आदळतो. फलक लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जमिनीवर होता आणि तिथे महापालिकेची परवानगी लागते की नाही, हाच वाद नंतर बराच काळ चालला. त्याआधी १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या किवळे भागात वादळी पावसात आडोशाला उभ्या राहिलेल्या लोकांवर फलक पडून पाच जण गेले होते, आणि ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुना बाजार चौकात फलकाचा सांगाडा काढताना तो कोसळून चौघांचा जीव गेला होता.

त्याच वादळात माझ्या दुकानाबाहेरच्या तीन बाय तीनच्या चौकोनाचा वरचा एक अँकर, म्हणजे भिंतीत रुतवलेला बोल्ट, भिंतीतून उपटून आला. चौकोन उरलेल्या बोल्टांवर दारासारखा उघडझाप करू लागला. खाली बसची वाट पाहणारी माणसे पावसासाठी नेमकी माझ्याच छज्जाखाली येऊन उभी होती. शटर अर्धे ओढून मी आणि माझा सहायक ओरडून ओरडून त्यांना बाजूला करत होतो. कोणाला काही झाले नाही. वारा पडल्यावर शेजारच्या फॅब्रिकेटरने येऊन तो चौकोन उतरवला, तेव्हा दिसले की अँकर विटेत गेलेलेच नव्हते, ते नुसत्या गिलाव्यात अडकवलेले होते. पाटी लावणाऱ्याला फोन केला. तो चार दिवसांनी आला आणि म्हणाला, “असा वारा कधी येतो का मॅडम? हा नॅचरल आहे.”

माझे एक ग्राहक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. त्यांनी बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडून दाखवला. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो. उंचीचे व आकाराचे गुणक बाजूला ठेवले, तर तो दर चौरस मीटरला साधारण ११८ किलो भरतो. माझा तीन बाय तीनचा चौकोन म्हणजे जवळजवळ शंभर किलोचा धक्का, तोही कधी डावीकडून, कधी उजवीकडून. घाटकोपरच्या फलकाला हाच हिशेब लावला, तर आकडा दीडशे टनांच्या वर जातो. म्हणजे मानकाने धरलेला वारा आला असता, तर गिलाव्यातल्या त्या चार अँकरांवर शंभर किलो आले असते, आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी वाऱ्यातच त्यातला एक सुटला.

यानंतर दुसरा बोर्डवाला शोधताना माझी कसोटी बदललेली होती. भांडुपला औद्योगिक गाळ्यात काम करणारा हा गृहस्थ साठीच्या घरातला. तरुणपणी ब्रश घेऊन पाट्या रंगवायचा, पुढे फ्लेक्स आल्यावर सगळ्यांसारखा तोही फ्लेक्सकडे वळला, आणि आता एसीपीच्या (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये प्लास्टिक असलेल्या) पत्र्यावर ॲक्रिलिकची उठावदार अक्षरे बसवतो. पहिल्या भेटीत त्याने एकही फोटो दाखवला नाही. आधी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला, मग बसथांब्यावर, मग शिडीवर चढून हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकून पाहिली. त्यानंतर प्रश्न सुरू झाले: वरच्या मजल्याच्या खिडकीची सज्जापट्टी कोणाची? सोसायटीचे ना-हरकत पत्र आहे का? पावसाचे पाणी कुठून उतरते? मीटरपासून वेगळी वायर ओढली आहे की ट्यूबलाइटमधूनच जोड दिला आहे? बाहेर येणारा चौकोन पुन्हा हवा, असे मी चाचरत सुचवले, तर तो सरळ नाही म्हणाला. “फुटपाथवर झुकणारे काही मी लावत नाही, ताई. दुसरीकडून करून घ्या, माझी ना नाही.” हे ऐकून थोडा राग आला. पण काम त्यालाच द्यायचे, हे बहुधा तिथेच ठरले.

अक्षराच्या उंचीविषयी त्याचा एक ठोकताळा आहे: दहा फुटांना एक इंच. रस्ता साठ फुटांचा, तर अक्षराचा देह सहा इंच. हा ठोकताळा त्याला त्याच्या उस्तादाने शिकवला आणि तो त्याने कधी तपासून पाहिलेला नाही. मी तो त्याच रात्री तपासून पाहिला. आमच्या तक्त्यावरची ६/६ची ओळ सहा मीटरवर पावणेनऊ मिलिमीटरांची असते. त्या प्रमाणात दहा फुटांवर निरोगी डोळ्याला जेमतेम साडेचार मिलिमीटरांचे अक्षर पुरते. एक इंच म्हणजे त्याच्या पावणेसहा पट, म्हणजेच तक्त्यावरची वरून दुसरी, ६/३६ची ओळ जवळपास तंतोतंत. चष्मा नसलेल्या, नंबर बऱ्यापैकी असलेल्या माणसालाही पाटी वाचता यावी, असा हिशेब पाट्या रंगवणाऱ्यांनी तक्त्याशिवाय, रस्त्यावर उभे राहून बसवलेला आहे. माझे गिऱ्हाईक तर चष्मा नसलेले किंवा मोडलेलेच असते. हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याला काही विशेष वाटले नाही. तो म्हणाला, “मग बरोबरच आहे की.”

मराठी अक्षरे त्याने संगणकातल्या आकड्यावर सोडली नाहीत. कागदावर पूर्ण मापात काढून, भिंतीला चिकटवून, रस्त्यापलीकडून मला दाखवली. देहाची उंची मराठीत सहा इंच आणि खाली इंग्रजी अक्षरांची साडेचार. ‘दृष्टी’मधील ष्ट त्याने तीनदा पुन्हा काढला आणि शेवटी दंड बारीक करून आतली पोकळी मोकळी ठेवली. त्याच्या या हट्टापायी आठवडा गेला, हेही नोंदवले पाहिजे. लाल क्रॉसऐवजी काय हवे, असे त्याने विचारले, मी चष्म्याची साधी आकृती सांगितली. तिलाही तो नाही म्हणाला, कारण मग नावाची अक्षरे लहान करावी लागली असती.

दिव्यांच्या बाबतीत दोघांतला फरक सर्वांत जास्त जाणवतो. पहिल्या पाटीत अख्खा पृष्ठभाग पेटत असे. इथे फक्त अक्षरे उजळतात, मागचा पत्रा गडद निळा व निस्तेज आहे. एलईडी मॉड्यूल १२ व्होल्टची, पावसात टिकणारी आणि किंचित पिवळसर रंगाची आहेत. २३० व्होल्टच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा एसएमपीएस पाटीत न ठेवता दुकानाच्या आत, हात पोहोचेल अशा जागी बसवला आहे, आणि पाटीच्या चौकटीला अर्थिंग दिलेले आहे. टायमर रात्री साडेदहाला सगळे बंद करतो. आजोबांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे आणि आता ते म्हणतात की पाटी बंद झाली की गोळ्या घ्यायची आठवण होते.

परवानगीसाठी त्याने मापांसह आराखडा, पाटीचे वजन, अँकरांची संख्या व खोली आणि दुकानाचा दर्शनी फोटो एवढे सगळे एका कागदाच्या संचात करून दिले. अर्ज मात्र दुकानदारानेच करायचा, त्यात तो पडत नाही. विभाग कार्यालयाच्या अनुज्ञापन खात्यातली माझी पहिली खेप सोसायटीचे पत्र घरी विसरल्यामुळे फुकट गेली. प्रकाशित पाटीचे शुल्क क्षेत्रफळावर लागते आणि परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. यात महापालिकेचा महसुलाचा हेतू नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा स्थानिक संस्थांचा जाहिरात कर गेला आणि परवाना शुल्क तेवढे हाती राहिले. पण शुल्क भरताना माझ्या पाटीचे माप, वजन आणि विजेची जोडणी कुठेतरी कागदावर नोंदली गेली, हे मला त्या वादळानंतर फार महाग वाटले नाही.

दुकानदारांची यावरची नेहमीची तक्रार मला मान्य आहे. आम्ही बारा फुटांच्या पाटीसाठी आराखडे काढायचे आणि चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स दिव्याच्या खांबाला सुतळीने बांधलेले असायचे. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५चा राज्याचा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे, आणि साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेशही दिलेले आहेत. तरी फ्लेक्स आहेतच. मात्र त्यामुळे माझ्या भिंतीतला अँकर गिलाव्यात अडकवणे योग्य ठरत नाही.

सौंदर्याचा मुद्दा मी सर्वांत शेवटी शिकले, खरे तर आठवले. माझी उमेदवारी फोर्टमधल्या एका जुन्या चष्म्यांच्या दुकानात झाली. त्या काळात दादाभाई नौरोजी मार्गावरच्या वारसा इमारतींच्या पाट्या शिस्तीत आणण्याचे काम नुकतेच झाले होते. १९९५च्या वारसा नियमावलीचा आधार घेऊन वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी त्यासाठी आराखडा केला होता, आणि पुढे युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्येही त्याची दखल घेतली गेली. कमानींवर आडवे ठोकलेले फलक निघाले, पाट्या कमानीच्या चौकटीत आल्या आणि दगडातले कोरीवकाम दिसू लागले. आमचे मालक तेव्हा धंदा बसणार म्हणून महिनाभर बडबडत होते. पाटी लहान झाली, गिऱ्हाईक होते तेवढेच राहिले. अर्थात मुलुंडच्या आमच्या इमारतीला कमानी नाहीत आणि जपण्यासारखे कोरीवकामही नाही. पण एका रांगेतल्या नऊ दुकानांनी नऊ उंचींवर पाट्या लावल्या की त्यातली एकही धड वाचता येत नाही, हे चष्म्याच्या दुकानातून रोज दिसते. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००७ पासून रस्त्यावरच्या जाहिराती पूर्ण बंद केल्या आणि दुकानांच्या पाट्यांनाही मापे ठरवून दिली. दहा मीटरांहून कमी रुंदीच्या दुकानाला तिथे दीड चौरस मीटरची पाटी मिळते. माझी सव्वातीन चौरस मीटरांहून मोठी आहे, म्हणजे तिथे ती निम्म्याहून अधिक कापावी लागली असती. इतके टोक मला नको वाटते. पण आमच्या रांगेत सगळ्यांनी शटरच्या वरची एकच पट्टी धरली तर बरे होईल, असे मी शेजाऱ्यांना सुचवले आहे आणि दोघांनी मानही डोलावली आहे.

आता दुसऱ्या बोर्डवाल्याच्या उणिवा. अडतीस हजार रुपये ही रक्कम लहान दुकानाला जड आहे. पहिल्या पाटीच्या जवळजवळ दुप्पट. सांगितलेल्या तारखेपेक्षा काम अकरा दिवस उशिरा झाले आणि घटस्थापना हुकली, दसरा कसाबसा गाठला. जीएसटीचे बिल चार वेळा मागितल्यावर मिळाले. ऑगस्टच्या पावसात एका अक्षरातले मॉड्यूल विझले आणि दोन रात्री माझ्या दुकानाच्या नावातला एक काना गायब होता. तिसऱ्या दिवशी त्याने ते पैसे न घेता बदलले, पण फोन उचलायला त्याने दीड दिवस घेतला होता. हमी एक वर्षाची तोंडी दिली होती, ती मी नंतर बिलावर लिहून घेतली. सुरुवातीलाच लिहून घ्यावी.

पाचपैकी पहिल्याला एक आणि दुसऱ्याला चार. कोणाला काम द्यायचे असेल तर एवढे तीन प्रश्न विचारा: अँकर कशात जाणार आहे, मराठी अक्षराचा देह किती इंच असेल आणि वीज तोडायचा खटका कुठे असेल. तिन्हींची उत्तरे लगेच आली नाहीत, तर ॲडव्हान्स देऊ नका.

गेल्या महिन्यात त्याला पुन्हा बोलावले होते. मागच्या गल्लीतून येणाऱ्यांना दुकान सापडत नाही, म्हणून गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर एक फूटभर बाण लावून द्याल का, असे विचारले. त्याने खांबाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “खांब तुमचा आहे का, ताई?” मी नाही म्हणाले. चहा घेऊन तो गेला, आणि मी बिलांच्या पाठीवर गल्लीचा नकाशा छापून घेतला.